हौशी मुलांच्या आतषबाजीसाठी अग्निरोधक कपडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आतषबाजीचं वेड लागलेल्या मुलामुलींबरोबर मोठं माणूस म्हणून उभं राहायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यांचे आईवडील मला पहिला प्रश्न विचारतात तो मापाचा: "एवढ्या लहान अंगाला बसेल असं काही मिळतं का?" मिळतं, पण शोधावं लागतं, आणि शोधताना चुकीची वस्तू हाती येण्याची शक्यता फार. वारंवार कानावर येणारे प्रश्न आणि त्यांना मी देते ती उत्तरं इथे लिहिली आहेत. हे सगळं दुकानात मिळणाऱ्या, परवानगी असलेल्या शोभेच्या फटाक्यांपुरतं आहे.

अग्निरोधक म्हणजे न जळणारं कापड ना?

नाही. अग्निरोधक कापडाला ज्योत लावली तर तेही काळवंडतं, त्याचाही कोळसा होतो. पण ज्योत बाजूला केली की ते आपोआप विझतं, पुढे पेटत जात नाही. चांगलं कापड वितळतही नाही.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. हवेत साधारण २१ टक्के प्राणवायू असतो. सुती कापड जळत राहायला १८ टक्क्यांच्या आसपास पुरतो, लोकरीला २५ च्या आसपास लागतो आणि मेटा-अरामिड जातीच्या धाग्याला (नोमेक्स हे त्याचं सर्वांत ओळखीचं नाव) २८ ते ३०. साधा सुती सदरा एकदा पेटला की हवेतल्या प्राणवायूवर जळतच राहतो. अरामिडला तेवढा प्राणवायू पुरत नाही.

तरी एक आकडा कायम लक्षात ठेवा. भडक्यापासून वाचवणाऱ्या कपड्यांसाठी एनएफपीए (अमेरिकेतली अग्निसुरक्षेची संस्था) २११२ हे अमेरिकी मानक आहे. त्यात पुतळ्याला पूर्ण सूट चढवून ३ सेकंद आगीच्या लोटात ठेवतात आणि अंगाचा निम्म्याहून जास्त भाग भाजेल असं निघालं तर तो सूट नापास होतो. म्हणजे उत्तीर्ण झालेल्या सुटातही भाजू शकतं. हा कपडा मुलाला काही सेकंदांची सवड देतो: मागे सरायला, ठिणगी झटकायला, मोठ्या माणसाला धावून यायला. खरेदी करताना डोळ्यांसमोर तेवढंच ठेवावं.

खेळाचे कपडे का चालत नाहीत? तेही जाडच असतात.

माझ्याकडे एक ट्रॅक पँट अजून जपून ठेवलेली आहे, तेरा वर्षांच्या भाचीची. भुईनळ्याची एकच ठिणगी गुडघ्यावर पडली होती. भोक सदऱ्याच्या बटणाएवढंही नाही, पण त्याच्या कडेला काळा, टणक, काचेसारखा कंगोरा आला आहे. बोट फिरवलं तर अजूनही टोचतो. गरम असताना तोच कंगोरा तिच्या गुडघ्याला चिकटला. कापड ओढून काढता येईना. भिजवून, कातरून, थोडं थोडं सोडवावं लागलं. भोकापेक्षा जखम मोठी होती.

पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं, पॉलिप्रोपिलीन तर १६० च्या जरा वर. साध्या फुलबाजीचं टोक हजार अंशांच्याही वर तापतं. जर्सी, लेगिंग, नायलॉनचं विंडचिटर, फ्लीसचं जॅकेट, चमचमत्या ओढण्या हे सगळं घरी ठेवावं. लेबलवर "सुती-पॉलिएस्टर मिश्रण" असलं तरी तेच: कापूस जळत जातो आणि वितळलेलं पॉलिएस्टर त्याला धरून राहतं.

शिवाय कृत्रिम धाग्यांवर स्थितिक वीज साठते, आणि शोभेच्या दारूजवळ ती अजिबात नको.

मग साधं जाड सुती कापड पुरेल का?

हातात फुलबाजी किंवा लांबून बघणं, एवढंच असेल तर पुरेल. घट्ट विणीची जाड जीन्स, पूर्ण बाह्यांचा अंगासरशी बसणारा सुती सदरा, चामड्याचे बंद बूट. घट्ट विणीच्या जड कापडावरून ठिणगी बहुतेक वेळा घरंगळून जाते. मऊ, लवदार, विरळ कापडात रुतून बसते. धुऊन धुऊन पातळ झालेली, गुडघ्यावर फाटलेली किंवा दोरे सुटलेली जीन्स मात्र नको, ते सुटे दोरे वातीसारखे पेटतात. लोकरीचा साधा स्वेटरही चांगला, फक्त तो खरंच लोकरीचा हवा. दुकानात "वुलन" म्हणून मिळणारं पुष्कळदा ॲक्रिलिक असतं.

मूल वात पेटवायच्या कामात हात घालू लागलं, प्रदर्शनाच्या तयारीत मदत करू लागलं, की मग अग्निरोधक कपडे घ्यायची वेळ आली.

लहान मापाचे अग्निरोधक कपडे शोधायचे कुठे?

इथेच सगळे अडतात. अग्निरोधक कपडे बनतात कामगारांसाठी, म्हणजे प्रौढांच्या मापात. "मुलांचे अग्निशामक कपडे" असं शोधलंत तर समोर येतो वेषभूषेचा पोशाख: चकचकीत पट्ट्यांचा, खेळण्यातल्या हेल्मेटसकट, आणि बहुधा शंभर टक्के पॉलिएस्टर. तो ठिणग्यांजवळ कधीही नेऊ नका. दिसायला सर्वांत खरा आणि प्रत्यक्षात सर्वांत घातक पोशाख हाच.

माझा शोध तीन ठिकाणी यशस्वी झाला आहे.

पहिलं, वेल्डिंगचं सामान विकणारे. वेल्डिंग शिकणाऱ्यांत कोवळी मुलं असतात आणि महिला कामगारही असतात, त्यामुळे अग्निरोधक सुती जॅकेट अगदी लहान मापात मिळण्याची शक्यता इथे जास्त. बाराच्या पुढच्या बऱ्याच मुलांना महिलांचं सर्वांत लहान माप बसतं. खांदे पुरुषांच्या मापापेक्षा अरुंद असतात म्हणून ते लोंबत नाही. वेल्डिंगचा कपडा आपल्या कामाला साजेसाही आहे, कारण तो उडणाऱ्या तप्त थेंबांसाठीच बनवलेला असतो.

दुसरं, मोटार शर्यतींचं सामान. लहान मुलांच्या शर्यती होतात, त्यामुळे त्यांच्या मापाचे खरे अग्निरोधक सूट बनतात. सुटावर एसएफआय ३.२ए (शर्यतीच्या सुटांचं अमेरिकी मानक) ची खूण शोधा. त्यापुढचा आकडा संरक्षणाची पातळी सांगतो: "/१" म्हणजे दुसऱ्या दर्जाचं भाजायला सुमारे ३ सेकंद लागतील असा पातळ सूट, "/५" म्हणजे सुमारे १० सेकंद. जॅकेट आणि पँट वेगवेगळी मिळते तिथे वेगवेगळीच घ्या.

तिसरं, अग्निरोधक कापड आणून शिंप्याकडून शिवून घेणं. कापड प्रमाणित असलं तरी घरी शिवलेला कपडा प्रमाणित होत नाही, हे मान्य करूनच हा मार्ग धरावा. पण अंगाला नीट बसणारा असा कपडा लोंबणाऱ्या प्रमाणित कपड्यापेक्षा मला बरा वाटतो. शिवणीचा दोरा अरामिडचा हवा. साध्या पॉलिएस्टर दोऱ्याने शिवलं तर उष्णतेत कापड टिकतं आणि शिवण उसवते.

गो-कार्टचा सूट चालेल?

बहुतेक नाही. गो-कार्टचे सूट रस्त्यावर घसटून कातडी सोलू नये म्हणून असतात, आगीसाठी नव्हे. मोटार शर्यतीच्या सुटाशेजारीच ते टांगलेले असतात आणि दिसतातही तसेच, म्हणून ही गल्लत फार होते.

मुलांच्या झोपायच्या कपड्यांवर "ज्वालारोधक" लिहिलेलं असतं, ते?

ते नियम घरातल्या अपघातांसाठी आहेत, ठिणग्यांच्या वर्षावासाठी नाहीत. त्यातले बरेच कपडे पॉलिएस्टरचे असतात. ज्योत पसरू देत नाहीत, पण वितळतात. अमेरिकेत तर अंगाला घट्ट बसणाऱ्या सुती रात्रवस्त्रांना या चाचणीतून सूट आहे, आणि "हे कापड ज्वालारोधक नाही" अशी चिठ्ठीच त्यांना लावावी लागते.

अग्निशामक दलातून बाद झालेला कोट मिळतोय. घेऊ?

नका घेऊ. तो जड असतो, लहान मूल त्यात पटकन हलू शकत नाही, आणि आपल्याला पटकन मागे हटणारं मूल हवं आहे. त्यात काजळीतली घातक रसायनं मुरलेली असतात. एनएफपीएच्या नियमाप्रमाणे हे कोट बनल्यापासून १० वर्षांनी बादच करावे लागतात; कारण असल्याशिवाय तो तुमच्यापर्यंत आलेला नाही.

लेबलवर नेमकं काय वाचायचं?

फक्त "फायरप्रूफ" असं लिहिलं असेल आणि मानकाचा क्रमांक नसेल, तर तो कपडा तिथेच ठेवून द्या. आपल्या कामाचे क्रमांक थोडेच आहेत.

आयएसओ ११६११ हे वेल्डिंगच्या कपड्यांचं मानक, आणि माझ्या मते ठिणग्यांसाठी सर्वांत उपयोगी. यात कापडावर वितळलेल्या धातूचे थेंब पाडून मागची बाजू ४० अंशांनी तापायला किती थेंब लागतात ते मोजतात. वर्ग १ ला किमान १५ थेंब, वर्ग २ ला किमान २५.

आयएसओ ११६१२ उष्णता आणि ज्वाळेसाठी आहे. यात अक्षरं असतात: ए म्हणजे ज्योत पसरण्याची चाचणी (ए१ कापडाच्या पृष्ठावर, ए२ कडेवर), बी आणि सी म्हणजे हवेतून व किरणांमधून येणारी उष्णता, डी आणि ई वितळलेला धातू, एफ तापलेल्या वस्तूचा स्पर्श.

आयएसओ १४११६ वर जरा थांबून वाचा. यात १, २, ३ असे निर्देशांक असतात. निर्देशांक १ चं कापड ज्योत पसरू देत नाही, पण त्याला भोक पडू शकतं, आणि ते थेट कातडीवर घालायचं नसतं. स्वस्तातले "अग्निरोधक" कपडे बरेचदा याच पायरीवरचे असतात.

माप घेताना काय बघायचं?

मापात चूक झाली की चांगलं कापडही वाया जातं, म्हणून इथे घाई नको. वाढत्या अंगाचं मूल म्हणून दोन मापं मोठं घ्यायची आपली सवय असते. शाळेच्या गणवेशाला ती ठीक, इथे नाही. लोंबणारी बाही ज्योतीत जाते, लांब पँट पायात येते. एक माप मोठं, त्याहून जास्त नको.

पँट दुमडू नका. दुमड म्हणजे ठिणग्या झेलायला धरलेली ओंजळ. जास्तीचा कपडा आतल्या बाजूला वळवून अरामिड दोऱ्याने तुरपून घ्या. पुढच्या वर्षी उसवून लांबी वाढवता येते. पँट बुटाच्या बाहेरून खाली आली पाहिजे, बुटात खोचलेली नको, नाहीतर ठिणगी थेट बुटात. उघड्या खिशांना झाकण लावून घ्या. टोपीच्या आणि कमरेच्या नाड्या काढून टाका.

एकसंध डांगरीपेक्षा मी दोन भागांचा पोशाख निवडते, कारण मुलांच्या धडाची लांबी डांगरीच्या मापात क्वचितच बसते. बसलीच तर मांड्यांमध्ये इतकं लोंबतं की धावताना अडखळायला होतं. जॅकेट पँटवर वीतभर तरी खाली यायला हवं. दुकानातच मुलाला दोन्ही हात वर करायला सांगा, मग खाली वाकून बुटाची नाडी बांधायला सांगा. पाठ उघडी पडली तर ते जॅकेट नको. मग चार पावलं उलटं, भराभर चालायला सांगा. ही शेवटची चाचणी लोक विसरतात, आणि आतषबाजीत मुलाला सर्वांत जास्त तेच करायचं असतं.

हौसेने नाव भरतकाम करून घेणार असाल किंवा इस्त्रीने चिकटणारं चित्र लावणार असाल, तर थांबा. तो दोरा आणि तो गोंद दोन्ही जळतात.

आत काय घालू?

सुती किंवा लोकरीचं, बनियनपासून मोज्यांपर्यंत. बाहेरचा कपडा न पेटताही उष्णता आत जाते, आणि आतली पॉलिएस्टरची बनियन बाहेरच्या अग्निरोधक जॅकेटखाली वितळू शकते. मुली घालतात त्या खेळाच्या ब्रा बहुधा पूर्ण कृत्रिम धाग्याच्या असतात. हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते आहे. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे, मधली हवा उष्णता अडवते.

हात, डोळे, कान?

फटाक्यांनी सर्वांत जास्त इजा हातांना, बोटांना, डोळ्यांना आणि चेहऱ्याला होते. जॅकेट यातलं काहीही झाकत नाही. त्यामुळे खर्च हिशोबात बसवायचा असेल तर पहिला पैसा चष्म्याला. ईएन १६६ किंवा अँसी झेड८७.१ (डोळ्यांच्या संरक्षणाची युरोपीय आणि अमेरिकी मानकं) ची खूण असलेला, बाजूने झाकलेला चष्मा घ्या. रोजचा नंबरचा चष्मा असेल तर त्यावरून बसणारा. लहान चेहऱ्यावर गालाशी फट राहते, म्हणून लवचीक पट्ट्याचा गॉगल बरा.

हातमोजे पातळ चामड्याचे आणि बोटांना नेमके बसणारे. वेल्डिंगचे जाडजूड मोजे मुलांच्या हातात इतके सैल होतात की पेटवायची काडी निसटते. बाही मोज्याच्या वरून घ्यावी. रबराचे किंवा नायलॉनचे मोजे नकोत.

कानात बोळे किंवा कानावर कर्णरक्षक. मोठे केस बांधून, सुती टोपीखाली. केसांचा स्प्रे, अत्तर, अल्कोहोलचं सॅनिटायझर त्या संध्याकाळी नाही. डास पळवणारं औषध जॅकेटवर फवारू नका, त्याचा थर पेटतो.

कापड खरंच काय आहे ते घरी ओळखता येतं?

अंदाज येतो. मोठ्या माणसाने आतल्या शिवणीजवळचे कापडाचे दोन-चार धागे काढायचे, चिमट्यात धरून मोरीत, पाणी जवळ ठेवून, काडीने पेटवायचे. कापूस कागदासारखा वास येत जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. लोकरीला जळक्या केसांचा वास. पॉलिएस्टर आक्रसतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. अरामिड किंवा प्रक्रिया केलेला कापूस काळा पडतो आणि काडी बाजूला केली की विझतो. याने प्रमाणपत्र मिळत नाही, पण फसवणूक पकडता येते.

घरी टाकणखाराच्या पाण्यात बुडवून कपडा अग्निरोधक करता येतो म्हणतात.

टाकणखाराने ज्योत काही प्रमाणात रोखली जाते, हे खरं. पण ते पाण्यात विरघळणारं आहे. एका धुण्यात, एवढंच काय घामानेही निघून जातं, आणि सगळीकडे सारखं बसत नाही. नाटकाच्या पडद्याला चालेल, मुलाच्या अंगावर नको.

धुवायचे कसे?

ब्लीच नाही, फॅब्रिक सॉफ्टनर नाही. ब्लीचने प्रक्रिया केलेल्या कापसाचा गुण जातो, सॉफ्टनर धाग्यांवर पेटणारा थर सोडतो. जड पाण्यात साबणाची वडीही नको, तिचा पांढरा साका कापडात बसतो आणि तोही जळतो. साधी धुण्याची पावडर वापरा, कपडा उलटा करा, आणि बाकीच्या कपड्यांपासून वेगळा धुवा. फटाक्यांच्या दारूची पूड उडालेला कपडा न धुता कपाटात ठेवू नका. त्यातले क्षार कापसात मुरले की तो एरवीपेक्षा जोराने पेटतो. अरामिडला कडक ऊन सोसत नाही, म्हणून सावलीत वाळवा.

प्रक्रिया केलेल्या कापसाच्या लेबलवर धुण्यांची मर्यादा दिलेली असेल तर दाराच्या मागे खडूने रेघा मारत चला. आमच्याकडे तसंच करतात.

वापरलेला कपडा घ्यावा का?

मुलांचे कपडे लवकर आखूड होतात, त्यामुळे एकमेकांत फिरवणं योग्यच आहे. उजेडासमोर धरून बघा: पातळ झालेली जागा, जळाल्याचा ठिपका, तेलाचा डाग, साध्या दोऱ्याने केलेली दुरुस्ती. लेबल कापलेलं असेल तर नको. आधी कसे धुतले हेही विचारा, आणि सॉफ्टनर वापरलं असेल तर सोडून द्या.

एवढं सगळं घातल्यावर जवळ गेलं तर चालेल ना?

नाही, आणि या प्रश्नाची मला सर्वांत जास्त भीती वाटते. अंतर कपड्यामुळे कमी होत नाही. युरोपात फटाक्यांचे वर्ग आहेत: एफ१ साठी किमान अंतर १ मीटर, एफ२ साठी ८, एफ३ साठी १५, आणि विकत घ्यायचं किमान वय अनुक्रमे १२, १६ आणि १८. या आकड्यांत कपड्यांसाठी कुठेही सवलत नाही. कापड ठिणगी अडवतं; स्फोटाचा धक्का आणि उडालेला तुकडा अडवत नाही.

माझा मुलगा घरी फटाक्यांची दारू बनवायचं म्हणतो. त्यासाठी कोणते कपडे?

कोणतेही नाहीत. त्याला थांबवा.

उकाड्यात मुलं घालायला नाही म्हणतात.

बरोबरच आहे त्यांचं, आतून घामाच्या धारा लागतात. शिवाय घामाने चिंब भिजलेल्या कपड्यात उष्णता शिरली की वाफेने भाजतं. म्हणून तयारी उघड्या हवेत साध्या सुती कपड्यांत करायची आणि जॅकेट अगदी शेवटच्या दहा मिनिटांत चढवायचं. तासभर आधी घातलं की मूल नेमकं पेटवायच्या वेळी चेन उघडतं.

आणखी एक अनुभव: मोठ्यांनी स्वतः घातलं की मुलं कुरकुर करत नाहीत. मी चष्म्याशिवाय उभी राहिले त्या दिवशी चार मुलांनी चष्मे काढले होते.

कपडा पेटलाच तर?

पळायचं नाही. थांबायचं, खाली पडायचं, दोन्ही हातांनी चेहरा झाकून लोळायचं. हे मुलांकडून मैदानात, कपडे घालून, दोनतीनदा करून घ्या. नुसतं सांगितलेलं ऐनवेळी आठवत नाही. आग विझल्यावर भाजलेल्या जागेवर २० मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ, लोणी, टूथपेस्ट काही नाही. चिकटलेलं कापड ओढायचं नाही, त्याच्या कडेने सुटा कपडा कापून काढायचा. अंगठी, कडं, घड्याळ सूज यायच्या आत उतरवायचं. मग स्वच्छ, न चिकटणाऱ्या पातळ प्लॅस्टिकने सैल झाकून डॉक्टरकडे. भाजलेली जागा चेहऱ्यावर, हातावर किंवा सांध्यावर असेल, किंवा मुलाच्या तळहाताहून मोठी असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

पाण्याची बादली आणि कात्री पहिली वात पेटवायच्या आधी जागेवर असली पाहिजे. कात्री बोथट टोकाची, जाड कापड कापणारी. आमची लाल दोरीने बादलीच्या कडीलाच बांधलेली असते.